व्हायब्रेशन मशीन : जाहिरातीत न सांगितलेलं

संपादक महोदय,

सध्या मॉलमध्ये, प्रदर्शनात, मोबाईलवर जिथे बघावं तिथे त्या थरथरणाऱ्या मशीनची जाहिरात चालू आहे, नुसतं १० मिनिटं उभं राहा आणि पोट कमी करा. पेपरांतही या जाहिराती अर्धं अर्धं पान भरून येतात म्हणून हे पत्र. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गुडघे-कंबर घेऊन येणाऱ्या बायका हल्ली पहिला प्रश्न हाच विचारतात, मॅडम घेऊ का ते मशीन?

१ किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. मशीनवर नुसतं उभं राहून जास्तीच्या कॅलरी अगदीच थोड्या जळतात, मग वजन उतरणार कुठून? विक्रेते बेल्जियमच्या अभ्यासाचा दाखला देतात, तो झालाय खरा, अँटवर्पला ६१ जाड लोकांवर, पण त्यात डाएट होतं आणि मशीनवर उभं राहून स्क्वॅटसारखे व्यायाम करून घेतले होते, हे कोणी सांगत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ज्या संशोधनाची खूप चर्चा झाली ते तर उंदरांवरचं होतं.

एका प्रदर्शनात मी स्वतः बघितलं, साठीच्या एक काकू हँडल घट्ट धरून गुडघे ताठ करून उभ्या आणि मशीन जोरात चालू. गुडघे ताठ असले की हादरे सरळ कंबर, मान आणि डोक्यापर्यंत जातात, म्हणून गुडघे थोडे वाकवायचे असतात, हे स्टॉलवरच्या मुलाला माहीतच नव्हतं. पायाला खाज सुटतेय म्हणाल्या तर तो म्हणे चरबी विरघळतेय! अहो, हादऱ्यांनी कातडीतला रक्तप्रवाह वाढला की अशी खाज येते, चरबीचा काही संबंध नाही.

मशीन अगदी टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही, वयस्कर माणसांच्या पायातली ताकद वाढवायला देखरेखीखाली ते थोडंफार उपयोगी पडतं. पण गरोदर बायका, पेसमेकर असलेले, पायात रक्ताची गाठ झालेले, मुतखडा, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, मणक्यातली सरकलेली गादी, नुकतंच ऑपरेशन झालेले, यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय त्यावर पाय ठेवू नये. खोक्यावर स्पीड ९९ असं मोठ्या अक्षरात असतं, ही यादी मात्र शोधावी लागते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्या सेलिब्रिटीलाही. वाचकांनी १९१५ या हेल्पलाईनवर जरूर तक्रार करावी. आणि आपल्याला कळकळीची विनंती, अशी जाहिरात घेताना कंपनीकडे वजन उतरल्याचा पुरावा मागा आणि कोणी वापरू नये ती यादी त्याच जाहिरातीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात छापायला लावा.

एक वाचक, नाशिक