रविवारची बैठक : येताना घरातली एक वस्तू आणा

मंडळी, येत्या रविवारी सकाळी साडेनऊला शाईने रेखाटन करायला नेहमीच्या ठिकाणी जमायचं आहे. या वेळी विषय घरातलाच: विळी, अडकित्ता, खलबत्ता, कुकरची शिट्टी, काहीही चालेल. शोकेसमधलं नको, रोज हाताळलं जाणारं हवं. पोचे आलेला तांब्या नव्यापेक्षा कितीतरी छान उतरतो.

पेन शाईचंच. पेन्सिल, खोडरबर घरी ठेवा. रेघ चुकली तर शेजारी दुसरी मारा; तांब्याच्या तोंडाची लंबगोल कड दोन-तीन रेघांत सापडते, एका फटक्यात क्वचितच.

शाईबद्दल मात्र कळकळीची विनंती. बाटलीवर 'इंडिया इंक' किंवा 'वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक' लिहिलेलं असेल तर ती फाउंटन पेनात भरू नका. तिच्यात बहुधा लाख असते, ती वाळली की जीभ आणि निब कायमची जाम. मागच्या महिन्यात एका सभासदाचं वडिलांच्या वेळचं पेन असंच गेलं. साधी निळी किंवा काळी लिहायची शाई उत्तम. ती पाण्यात विरघळते, म्हणून ओला ब्रश रेघेवरून फिरवला की सावली आपोआप तयार होते. विळीच्या पात्याखालचा अंधार असाच काढून बघा.

कागद निदान १२० जीएसएमचा, म्हणजे जाडसर असू द्या, वहीच्या पानावर शाई फुटते. जुनं फडकं प्रत्येकाने आपापलं आणावं. चहा आहे. विळी आणणाऱ्यांनी ती मिटून, कापडात गुंडाळून आणावी, बसने येणाऱ्यांनी तर नक्कीच.