जिल्हा पानावरचे चिपळूण

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर चिपळूणच्या बातम्यांची रीघ लागते. मी त्या नियमाने वाचतो आणि त्यांतील बहुतेक बातम्या वस्तुस्थितीला धरून असतात, हे सुरुवातीलाच नोंदवतो. बातमी खोटी असल्याची माझी तक्रार नाही. माझे म्हणणे असे की, या बातम्या चिपळूणविषयी असल्या तरी चिपळूणकरासाठी लिहिलेल्या वाटत नाहीत. मुंबईत किंवा पुण्यात राहून गावाकडची खबर ठेवणाऱ्याला त्या पुरेशा होतात. पण बाजारपेठेतील ज्या दुकानदाराला आज रात्री माल माळ्यावर चढवायचा की खालीच ठेवायचा हे ठरवायचे आहे, त्याला लागणारा तपशील त्यांत सहसा सापडत नाही.

पुराच्या बातमीचेच पाहावे. ‘वाशिष्ठीने इशारा पातळी ओलांडली’ हा मथळा दर पावसाळ्यात चार-दोन वेळा तरी येतो. इशारा पातळी ५ मीटर आणि धोका पातळी ७ मीटर, हे आकडे आता इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. मात्र नोंद किती वाजताची आहे, त्या वेळी पाणी चढत होते की उतरत होते, आणि त्या पातळीला मुरादपूर, शंकरवाडी, पेठमाप यांपैकी नेमके कोठे पाणी शिरते, यांविषयी बातमी गप्प असते. सकाळी अंक हाती पडेपर्यंत ती नोंद शिळी झालेली असते, हे मला मान्य आहे. ताज्या पातळीसाठी नगरपालिकेचा भोंगा आणि हातातला फोन आहेच, त्यांच्याशी छापील पानाने शर्यत लावावी असे मी म्हणणार नाही. पण जे आधीच ठाऊक असते आणि आदल्या दिवशी छापता येते, तेही छापले जात नाही.

भरतीची वेळ ही त्यांतली पहिली गोष्ट. वाशिष्ठी दाभोळला समुद्राला मिळते आणि खाडीची भरती थेट शहरालगतच्या गोवळकोटपर्यंत चढते. वर सह्याद्रीत कोसळलेला पाऊस खाली उतरत असतानाच उधाणाची भरती आली, तर शहरातील पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. ओहोटी लागली की तेच पाणी झरझर उतरू लागते. गोवळकोट, पेठमापच्या जुन्या माणसांना हे सांगावे लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि मधल्या अष्टमीच्या आसपासचे भांग, म्हणजे मंद भरती, हे हिशेब त्यांच्या बोलण्यात सहज येतात. परंतु शहरात नव्याने राहायला आलेल्यांना आणि तळमजल्यावर भाड्याचा गाळा घेतलेल्यांना ते कोण सांगणार? २२ जुलै २०२१ रोजी अर्ध्याहून अधिक शहर पाण्याखाली गेले, तेव्हा आषाढी पौर्णिमा दोन दिवसांवर होती. आपल्या पानावर रोज सूर्योदय-सूर्यास्त छापला जातो, राशिभविष्याला तर चांगली ऐसपैस जागा मिळते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत त्यांच्या शेजारी भरती-ओहोटीच्या वेळा आणि पाण्याची उंची देणे अवघड नसावे; महिनाभराचे कोष्टक आधीच तयार मिळते.

दुसरी गोष्ट अवजलाची, म्हणजे वीजनिर्मितीनंतर सोडल्या जाणाऱ्या पाण्याची. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे आणून पोफळी येथे वीज निर्माण केली जाते. पुढे तेच पाणी कोळकेवाडी धरणात येते, तिथे त्यावर पुन्हा वीज तयार होते आणि अखेरीस ते वाशिष्ठीत सोडले जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याची मर्यादा घालून दिली आहे, यावरून या अवजलाच्या प्रमाणाची कल्पना यावी. उन्हाळ्यात कोकणातल्या इतर नद्यांची पात्रे उघडी पडतात, तेव्हा वाशिष्ठी वाहती राहते ती याच पाण्यामुळे, आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञच आहोत. पण अतिवृष्टीच्या रात्री किती यंत्रे चालू होती, किती वाजता बंद केली, विसर्ग किती होता, हे कळणे ही आमच्या दृष्टीने जिवाची बाब आहे. २०२१ च्या पुरात अवजलाचा वाटा किती, यावर शहरात आजही दोन तट आहेत. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोन्ही बाजूंच्या हातात रोजच्या रोज छापलेली आकडेवारी नसते. आपल्या वार्ताहराने पावसाळ्यात दररोज एक दूरध्वनी करून कोळकेवाडीचा विसर्ग विचारला आणि एका ओळीत छापला, तर पुढच्या वादाला निदान कागदाचा आधार राहील. माहिती नाकारली गेली, तर ‘माहिती मिळाली नाही’ असेच छापावे. तीही बातमीच आहे.

त्या पुरात चिपळूण आगारातील अधिकारी-कर्मचारी आगाराची रोकड सांभाळत तासन्‌तास एसटीच्या टपावर बसून राहिले, ही हकीकत राज्यभर छापून आली आणि ती तशी यायलाच हवी होती. मात्र त्या माणसांना टपावर चढण्याची वेळ का आली, याचा पाठपुरावा त्याच तडफेने झाला नाही. २०२१ च्या डिसेंबरात नागरिक गाळ काढण्यासाठी साखळी उपोषणाला बसले, तेव्हा बातम्यांना पुन्हा जोर आला. पुढे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांत गाळ उपसण्याचे काम सुरू झाले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ‘इतके लाख घनमीटर गाळ काढला’ अशी बातमी येते. हा आकडा कोणी मोजला? गाळ टाकला कोठे? काठावरच ढीग राहिला असेल, तर पहिल्या दोन पावसांत तो परत पात्रात जाणार. आणि सखल जमिनीत भराव म्हणून टाकला असेल, तर पुराचे पाणी पसरण्याची जागा आपणच बुजवली. घनमीटरचा आकडा छापण्याआधी एवढे दोन प्रश्न वार्ताहराने विचारावेत.

पूररेषेच्या बातम्यांतही हाच दोष दिसतो. पुराचे पाणी कोठवर येते हे दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल रेषेला कोणाचा विरोध आहे, निवेदन कोणी दिले, शिष्टमंडळात कोण होते, हे सर्व नावांसकट येते. शिष्टमंडळातल्या नावांची यादी कधी कधी बातमीहून लांब असते! परंतु या रेषा कोणत्या रस्त्यावरून आणि कोणत्या आळीतून जातात, निळ्या रेषेच्या आत घर असलेल्याला दुरुस्ती करता येते की नाही, पुनर्बांधणीला कोणत्या अटी आहेत, हे समजावून देणारा एखादा नकाशा किंवा अर्ध्या पानाचा लेख माझ्या पाहण्यात आला नाही. ज्यांचे आयुष्यभराचे घर त्या रेषेच्या आत सापडले आहे, त्यांना त्या यादीचा काय उपयोग?

मगरींविषयी मात्र थोडे वेगळ्या सुरात लिहावे लागते. जून २०२४ च्या अखेरीस चिंचनाक्याच्या रस्त्यावरून भर पावसात चालत जाणाऱ्या मगरीची चित्रफीत देशभर फिरली, आणि तेव्हापासून पावसाळ्यात मगर दिसली की ‘मगरीची दहशत’ हे दोन शब्द मथळ्यात ठरलेले असतात. तीच मगर हिवाळ्यात गोवळकोटच्या खाडीकाठी ऊन खात पडली की आपल्याच पानावर ती ‘पर्यटकांचे आकर्षण’ होते. वाशिष्ठी आणि शिव नदीत मगरींचा वावर जुना आहे. पात्राचे पाणी रस्त्यावर आले की पात्रातली मगरही त्यासोबत येते, यात तिचा काही कट नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे, तेव्हा तिला मारणे तर सोडाच, डिवचणे किंवा स्वतः पकडायला जाणेही गुन्हा ठरू शकतो. मगर दिसल्यास अंतर राखावे, गर्दी करू नये आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, ही तीन वाक्ये प्रत्येक वेळी बातमीखाली चौकटीत दिली, तर मथळा कसाही असला तरी माझी हरकत नाही.

बहादूरशेख नाक्याचा बांधकामाधीन उड्डाणपूल १६ ऑक्टोबर २०२३ रोजी कोसळला. त्या आठवड्यात आपण छायाचित्रांसह सविस्तर वृत्त दिले होते. चौकशीतून काय निष्पन्न झाले, आराखड्यात कोणते बदल झाले आणि वाढीव खर्च कोणी सोसला, याचा एकत्रित आढावा वाचायला मिळावा, एवढेच याबाबत सुचवतो.

हे सगळे दोष मोजताना एक गोष्ट राहू नये. शहराच्या या बातम्या दुसरे कोणी देत नाही. मुंबईच्या वाहिन्या पाणी चढले की येतात आणि उतरण्याआधी जातात. चिखल काढणाऱ्या दुकानदारांचे पंचनामे झाले की नाही, हे तालुक्याचा वार्ताहरच दारोदार फिरून लिहितो, आणि त्याला त्याचे मानधन किती मिळते याची कल्पना आम्हालाही आहे. म्हणूनच ही अपेक्षा त्याच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही, ती संपादकीय मंडळाकडे करीत आहे. पूर्वीच्या पुरांविषयी काही पाहायचे झाले, तर इथला माणूस १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराकडे जातो. त्या ग्रंथालयातही २००५ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी शिरले. आपल्या कार्यालयात २००५ पासूनचे जिल्हा पानाचे अंक सुरक्षित असतील, तर त्यांतील पुराच्या बातम्या निवडून त्यांच्या प्रती या ग्रंथालयाला द्याव्यात, अशी विनंती आहे. भरतीचे कोष्टक आणि कोळकेवाडीचा विसर्ग यांसाठी पानाच्या कोपऱ्यात दोन ओळींची जागा पुरते. ती यंदाच्या ऑगस्टपासूनच द्यावी, म्हणजे श्रावणातल्या उधाणाआधी तिचा उपयोग होईल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
मुरादपूर, चिपळूण