वेबिलावर काय लिहिलं असतंत?

लाँगइयरब्येन (स्वालबार्ड बेटं, नॉर्वे), 3 जुलै

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही पहिलंच विचारलंत, "अंतर किती, आणि वेळ किती?" तुमच्यासारख्या एसटी कंडक्टरला उत्तर लेखीच द्यावं, तुम्ही वेबिलावर प्रत्येक फेरीची नोंद करायचात तसं, म्हणून हे पत्र.

उत्तर नॉर्वेतलं ट्रोम्सो ते इथला विमानतळ सुमारे 957 किलोमीटर. मुंबई-चेन्नईपेक्षा थोडं कमीच. वेळापत्रकात एक तास चाळीस मिनिटं. मी पोचले दुसऱ्या दिवशी.

सोमवारी वेळेवर निघालो. खाली नुसता समुद्र. अर्ध्याहून थोडं पुढे अस्वल बेट लागतं म्हणे, पण तेही ढगाखाली. इथे पोचलो तर धुकं. दोनदा खाली उतरायला बघितलं, चाकं बाहेर आल्याची घरघर ऐकू आली आणि लगेच नाक वर. मग पायलटने शांतपणे सांगितलं, परत ट्रोम्सो. जवळपास उतरायला दुसरा मोठा विमानतळच नाही, त्यामुळे परतीचं इंधन घेऊनच निघतात. आंबा घाटात दरड आली की तुम्ही साखरप्याहून गाडी मागे आणायचात, तसंच. पावणेचार तास उडून निघालो तिथेच उतरलो! वर पुन्हा पासपोर्टची रांग, कारण स्वालबार्ड नॉर्वेचंच असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे पासपोर्ट न तपासता फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. जेवणाचं कूपन मिळालं, पण तोवर उपाहारगृह बंद. आईचे मेथीचे लाडू कामी आले, तिला सांगा.

मंगळवारी लख्ख ऊन. उतरताना विमानाने चांगलाच दणका दिला. इथली जमीन खोलवर बारमाही गोठलेली, वरचा थर उन्हाळ्यात सैल होतो, आणि 1975 सालची ही धावपट्टी मध्येमध्ये खचते. डागडुजी चालूच असते. आपल्या रस्त्यांना मी आता नावं ठेवणार नाही. (ठेवीन. पण कमी.)

गावाचं नाव लाँगइयर नावाच्या अमेरिकन खाणमालकावरून. 'ब्येन' म्हणजे गाव, तेव्हा तुम्ही खुशाल लाँगइयरपूर म्हणा. वस्ती अडीच हजारांच्या आसपास, आणि गावाबाहेर रस्ता संपतो. आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र ज्या न्यू-ओलेसुंडला आहे, ते इथून 110 किलोमीटर. तिथे एसटी सोडाच, पायवाटसुद्धा नाही. छोटं डॉर्निअर विमान जातं, पंचवीस मिनिटांत. तसलीच विमानं आपल्या कानपूरलाही बनतात, हे मी शेजारच्या सीटवरच्या नॉर्वेजियन बाईंना ऐकवलंच.

आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि खिडकीतून ऊन थेट कागदावर येतंय. पडदा म्हणून तुमची सोलापुरी चादर अडकवलीय.

तर हिशेब असा: जाणं, येणं, पुन्हा जाणं, 957 चे तीन टप्पे, म्हणजे 2,871 किलोमीटर. तिकीट एकाच फेरीचं. मधली फेरी रद्द धरायची की झाली धरायची, ते तुम्हीच सांगा.

तुमची,
छोटी