सैनिक, पोलिस आणि मुलकी कर्मचाऱ्यांचा सराव एकत्र घ्या : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमांसाठी सैनिक व पोलिस पाठवणाऱ्या देशांचे माननीय संरक्षणमंत्री

महोदय,

संयुक्त राष्ट्रे अभ्यासक्रम पुरवतात, पण तैनातीपूर्वीचे प्रशिक्षण देणे आणि तुकडी तयार असल्याचे प्रमाणपत्र देणे हे तुमच्याकडे आहे. म्हणून हे पत्र न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाला न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत.

आज बटालियन आपल्या छावणीत शिकते आणि पोलिस तुकडी आपल्या अकादमीत. मुलकी कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण नेमणूक झाल्यावर होते, तेही वेगळेच. संयुक्त राष्ट्रांचे 2017 मध्ये सुधारलेले मूळ प्रशिक्षण साहित्य उपलब्ध आहे आणि ते चांगले आहे. तरीही हे तिघे पहिल्यांदा एकत्र काम करतात ते कित्येकदा थेट संकटात.

जुलै 2016 मध्ये दक्षिण सुदानच्या जुबा शहरात टेरेन हॉटेलवर हल्ला झाला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमेचा तळ तिथून साधारण एक किलोमीटरवर होता. मदतीसाठी वारंवार निरोप गेले, तरी तळावरून कोणी निघाले नाही. निवृत्त मेजर जनरल पॅट्रिक कॅमार्ट यांच्या चौकशीत दिसले की कमांड एकसंध नव्हती आणि चार देशांच्या तुकड्यांना परस्परविरोधी आदेश मिळत होते. त्याआधी 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत देखरेख विभागाने 2010 ते 2013 मधल्या नागरिकांवरील हल्ल्यांच्या 507 घटना तपासल्या. तत्काळ प्रतिसाद मिळाला तो 101 घटनांत. बळ कधी वापरता येते याबद्दल जवानांच्या मनात संभ्रम होता आणि मायदेशाच्या राजधानीतून वेगळ्या सूचना येत होत्या. यातली दुसरी गोष्ट फक्त तुम्हीच थांबवू शकता. तुमच्या तुकडीवर काही मर्यादा असतील तर त्या तैनातीआधी लेखी कळवा. त्यानंतर आदेश फोर्स कमांडरचाच, म्हणजे मोहिमेच्या सैन्यप्रमुखाचाच, चालेल.

एकत्र सराव म्हणजे व्याख्यानानंतरचा गटचर्चेचा तास नव्हे. सलग तीन दिवस आणि रात्री, विस्थापितांच्या छावणीचा प्रसंग उभा करून तो झाला पाहिजे. फाटकावर दगडफेक सुरू होते, पोलिस तुकडी ढाली घेऊन उभी राहते, आणि मग जमावात कोणाच्या तरी हातात रायफल दिसते. इथून पुढे काम सैन्याकडे जायचे असते आणि बिघडते ते नेमके इथेच. दोघांच्या रेडिओ वाहिन्या वेगळ्या असतात. ताबा दिला हे कोणी, कोणत्या शब्दांत सांगायचे ते ठरलेले नसते. पोलिसांची वाहने फाटकातच अडकून राहतात आणि मागे चिलखती गाड्या खोळंबतात. जमावाचा म्होरक्या कोण हे नागरी व्यवहार अधिकाऱ्याला (स्थानिक लोकांशी संपर्क ठेवणाऱ्या मुलकी कर्मचाऱ्याला) तीन दिवसांपासून माहीत असते, पण ती माहिती त्याच्या ईमेलमध्येच पडून राहते. हा ताबाबदल दिवसा जमला की अंधारात करून घ्या, आणि नंतर एक वाहिनी मुद्दाम बंद ठेवून.

बळाच्या वापराचे नियम खिशातल्या कार्डावर असतात. जवानाला ते पाठ म्हणायला लावून काही साधत नाही. प्रसंग समोर ठेवा, काही सेकंदांत निर्णय मोठ्याने सांगायला लावा आणि लगेच त्याचा अहवाल लिहून घ्या. गोळी न झाडल्याचे कारणही त्यात आले पाहिजे.

जखमींबाबतचे उद्दिष्ट 10-1-2 असे आहे : 10 मिनिटांत रक्तस्राव रोखणे आणि श्वासमार्ग मोकळा करणे, 1 तासात प्रगत उपचार, 2 तासांत जीव वाचवणारी शस्त्रक्रिया. पहिली 10 मिनिटे शेजारच्या जवानाच्या हातात असतात, डॉक्टरच्या नव्हे. तरी टूर्निकेटचे (रक्त थांबवण्यासाठी हातापायाला आवळून बांधायच्या पट्ट्याचे) प्रात्यक्षिक उजेडात, टेबलावर ठेवलेल्या पुतळ्यावर होते. ते अंधारात, हातमोजे घालून, स्वतःच्याच दंडावर एका हाताने बांधता आले पाहिजे : जखमेच्या वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळून, आणि वेळ लिहून. सरावाचे टूर्निकेट वेगळे ठेवा. सारखे वापरून पट्टा सैल पडतो, तो कामाच्या संचात नको. सोबतचा वाहनचालक, दुभाषी आणि मानवाधिकार अधिकारी यांनाही हे यायला हवे, कारण गस्तीची गाडी उडते तेव्हा तेही त्याच गाडीत असतात.

दुभाष्याशिवायचा सराव अपुरा आहे. वाक्य छोटे ठेवायचे आणि नजर समोरच्या माणसाकडे, दुभाष्याकडे नाही. चारचौघांत एकाच व्यक्तीला प्रश्न विचारले तर गस्त गेल्यावर तिच्यावर सूड उगवला जाऊ शकतो. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीकडून जवानाने तपशील काढायचे नसतात. तिची सुरक्षितता पाहून, तिच्या संमतीने, त्या कामाच्या तज्ज्ञांकडे पोचवायचे असते.

तळाच्या स्वच्छतेचा धडा वगळू नका. हैतीमध्ये 2010 मध्ये शांतिसैनिकांच्या तळावरच्या मैल्यातून नदीत कॉलरा पसरला आणि हजारो माणसे मेली.

शेवटी प्रमाणपत्राबद्दल. प्रशिक्षण एकाचे होते आणि विमानात बसतो दुसरा, हे आम्हाला सर्वांत जास्त खुपते. सराव सुरू होण्यापूर्वी नावांची यादी गोठवा, दर दहा जणांमागे एक राखीव माणूस त्याच सरावात तयार करा आणि परीक्षक दुसऱ्या देशाचा बोलवा. ताबाबदलात किंवा पहिल्या 10 मिनिटांत नापास झालेल्या तुकडीची फेरपरीक्षा होईपर्यंत प्रमाणपत्रावर सही करू नका.

आपले,
शांतता मोहिमांच्या प्रशिक्षणात काम करणारे प्रशिक्षक