हँड म्हणजे फणी

काय भो,

चार महिने झाले, ना फोन ना मेसेज, रागावला असशील तर बरोबरच आहे. आईचा गुडघा तसाच, बाकी ठीक.

परवा जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू? सावद्याच्या केळीच्या पॅकहाऊसवर दुबईच्या पार्टीचा व्हिडिओ कॉल होता, इंग्रजी येतं म्हणून मला पुढे केलेलं. त्याने विचारलं, हाऊ मेनी हँड्स डू यू कीप? मला वाटलं मजूर विचारतोय, मी म्हटलं बारा, सीझनला वीस. तो गप्प, मालक गप्प. मागून आठवी शिकलेला मुकादम हळूच म्हणाला, भाऊ, घडाला फण्या किती ठेवतो ते विचारतोय तो. फणीला हँड, एकेका केळाला फिंगर. रात्रभर झोप नाही रे.

भुसावळ स्टँडवर रोज वीस शब्द पाठ करायचो ती वही आठवते? पर्निशस, ऑब्सीक्विअस, अजून अर्थासकट पाठ आहेत, पण पंधरा वर्षांत एकदाही तोंडात आले नाहीत. तू तेव्हाच म्हणायचास, वाक्यासकट लिही, त्यावरून मी आठ दिवस बोललो नव्हतो. तू बरोबर होतास. (समोशाचे पैसे मात्र तूच बुडवलेस, ते वेगळं.) लसणाचा गड्डा, कोथिंबिरीची जुडी, केळीचा घड, याची यादी कोणी दिली होती का आपल्याला? आईमागे बाजारात फिरताना कानावर पडलं. इंग्रजीतही पाऊस हेवी आणि वारा स्ट्राँग, उलटं केलं की खटकतं.

आता बुटाच्या खोक्यात चिठ्ठ्या ठेवतो, शब्द आणि तो जिथे भेटला ते वाक्य. आठवला की पुढच्या कप्प्यात, अडलो की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. सेबास्टियन लाइटनरने १९७२ मध्ये मांडलेली पद्धत आहे ही. काल कळलं की इंग्रजीतला मंगूस आपल्या मुंगसावरूनच गेलाय, झोपलेल्या पोराला उठवून सांगितलं बघ! पण चाळिशीत हे सगळं डोक्यात बसेल का, एवढीच धाकधूक आहे.

तुझी बदली झाली का? वहिनींना नमस्कार. तुझ्या लोको शेडमधले शब्द पाठव, कोण कसं बोललं ते वाक्यही लिही. आपण अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो, इंग्रजीत ती खालची चाकांची चौकट ना? थंडीत ये, मळ्यात भरीत पार्टी करू.

तुझाच