जुन्या कॅमेऱ्याचे पोट फाडू नका

महोदय,
रोलचा जुना कॅमेरा ‘आत चिप बसवून’ डिजिटल करण्याचा सल्ला आपल्या पुरवणीत वाचला. मिरजेत माझा स्टुडिओ होता, कॅमेरे उघडून दुरुस्तही करत असे. म्हणून हे पत्र.

कल्पना नवी नाही. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉन एफ-३ या रोलच्या कॅमेऱ्याच्या पाठीला १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) जोडला, पण फोटो साठवायची पेटी वेगळी खांद्यावर बाळगावी लागे. पुढे ‘सिलिकॉन फिल्म’ या कंपनीने रोलच्या जागी बसणारे काडतूस, म्हणजे सेन्सर असलेली डबी, जाहीर केले. गाजावाजा झाला, माल दुकानात आलाच नाही.

अडचण जागेची आहे. फिल्म कागदासारखी पातळ, मागची पट्टी तिला सपाट दाबून धरते. सेन्सरला मात्र वर काच, खाली सर्किट, आणि त्याचा पृष्ठभाग नेमका फिल्मच्याच प्रतलात हवा. केसभर मागेपुढे झाला की व्ह्यूफाइंडरमध्ये चेहरा स्पष्ट, फोटोत धूसर. शिवाय शटर कधी उघडले हे सेन्सरला कळायला हवे. यांत्रिक कॅमेरा ते सांगणार कसे?

हॅसलब्लाड या व्यावसायिक कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. त्याची पाठ मुळातच सुटी, त्यामुळे १९५७ पासूनच्या बहुतेक बॉडींना आज डिजिटल बॅक, म्हणजे सेन्सर असलेली पाठ, बसवता येते. किंमत मात्र विचारू नये!

वडिलांचा याशिका किंवा झेनिट कॅमेरा घरात असेल, तर त्याचे भिंग अडॅप्टर (जोडकडी) लावून मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल, कॅमेऱ्यावर वापरा. सुटणारे असेल तरच, अर्थात. बॉडीला पटाशी लावू नका. तसल्या कॅमेऱ्यांचे सुटे भाग आता सहजी मिळत नाहीत.

– एक निवृत्त छायाचित्रकार, मिरज