चिऱ्यांच्या भिंतीला सिमेंट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चतुर्थी तोंडावर आली की गोव्यात घरोघरी रंगरंगोटी सुरू होते. नेमक्या याच दिवसांत जुन्या घरांच्या भिंतींवर नको ते फासले जाते, म्हणून हे पत्र.

डिचोलीतल्या आमच्या घराच्या भिंती जांभ्या चिऱ्यांच्या, वर चुन्याचा गिलावा. सासूबाई होत्या तोवर चतुर्थीआधी चुन्याचा हात द्यायचा हे ठरलेले. बारा वर्षांपूर्वी देवखोलीच्या भिंतीला ओल आली. ठेकेदार म्हणाला, चुना खरवडून सिमेंट करू, मग बघायलाच नको. आम्ही ऐकले. तिसऱ्या पावसानंतर लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटला. यंदा मे महिन्यात, जिथे माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधतो त्या मागची भिंत वाजवून पाहिली तर आवाज पोकळ. मुलाने पटाशी घातली आणि परातीएवढी खपली अख्खी सुटून हातात आली. तिच्या पाठीला बोटभर लाल भुगा चिकटला होता. तो आमचा चिराच होता.

चिरा सच्छिद्र असतो. पावसात पाणी पितो आणि ऊन पडले की सोडतो. चुना त्याला ते सोडू देतो. ओलीबरोबर येणारे क्षार चुन्याच्या थरात साठतात, म्हणजे खराब होतो तो चुना, आणि तो बदलता येतो. सिमेंटखाली ओल कोंडते, क्षारांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांतच वाढतात आणि दगडाचे पीठ होते. वॉटरप्रूफ रंगानेही ओल अशीच अडते. वालुकाश्माच्या इमारतींचेही दुखणे हेच.

आमच्या ओलीचे मूळ तर भिंतीत नव्हतेच. अंगणात पेव्हर घालताना जमीन जोत्याच्या वर चढली होती आणि पागोळ्यांचे पाणी थेट चिऱ्यांच्या पहिल्या थराच्या सांध्यांत शिरत होते. पेव्हर उचलून चर खणला, तेव्हा कुठे भिंत सुकू लागली. गिलाव्याला हात घालण्याआधी पाणी कुठून येते ते शोधा, हे मला कोणी तेव्हा सांगायला हवे होते.

दुसरी चूक म्हणजे ‘लाल दगड छान दिसतो’ म्हणून गिलावाच काढून टाकणे. जुन्या गोव्यातल्या, १६०५ साली पूर्ण झालेल्या बॉम जेझू बासिलिकेवरचा गिलावा १९५०च्या दशकात उतरवला गेला. आज पर्यटकांना तो उघडा चिराच मूळ रूप वाटतो. जवळच से कॅथेड्रलच्या पांढऱ्या भिंती आहेत. जांभ्याची वास्तू गिलाव्यासकट कशी दिसते ते तिथे पाहावे.

जुनी देवळे, शाळा, कचेऱ्या यांच्या दुरुस्तीच्या निविदांत चुन्याचे काम स्पष्ट लिहावे आणि आयटीआयमध्ये ते गवंड्यांना शिकवावे, अशी सरकारला कळकळीची विनंती. आम्हाला चुना भिजवणारा मेस्त शोधायला चार महिने लागले. मिळाले ते सत्तरी ओलांडलेले. त्यांनी शिंपल्यांचा चुना पाण्याखाली मुरत ठेवायला लावला आहे. रोज वर पाणी आहे ना, एवढे मी पाहते.

पाऊस सरला की देवखोलीची भिंत करायला घेऊ. कोणा तरुण गवंड्याला शिकायचे असेल तर त्याने जरूर यावे, मेस्त शिकवायला तयार आहेत.

– एक वाचक, डिचोली